वाचनालयाची साइट आणि चौदा उसन्या फायली: कामाच्या नोंदी

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय ब वर्गाचं आहे. पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास. साइटचे दोन भाग आहेत: लोकांना पुस्तक शोधता यावं म्हणून यादी, आणि काउंटरवरच्या देवघेवीचं पान. साइट बांधणाऱ्याने काम सोडून बरीच वर्षं झाली. लहानपणापासून मी इथला सभासद, त्यामुळे ग्रंथपाल बाईंनी ती माझ्याकडे सोपवली. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी केलेलं हे काम आहे. असंच जुनं काम कुणाच्या हाती आलं तर माझे गेलेले तास त्याचे वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

२९ जून २०२४, शनिवार

सुरुवात एका ओळीपासून झाली. पानाच्या डोक्यावर पॉलिफिल डॉट आयओवरून स्क्रिप्ट ओढणारी ओळ होती. जुन्या ब्राउझरला नव्या सोयी पुरवणारी ही सेवा एके काळी सगळे वापरत. फेब्रुवारीत तिचं डोमेन दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मूळ सेवा बांधणाऱ्या अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच सांगितलं होतं की ती ओळ काढून टाका, आता तिची कुणाला गरज नाही. २५ जूनला सॅनसेक या सुरक्षा कंपनीने उघड केलं की तिथून येणाऱ्या कोडमध्ये मोबाइलवरच्या लोकांना सट्टेबाजीच्या साइटवर नेणारा भाग मिसळलाय. लाखाहून जास्त साइटवर ती ओळ होती. परवा, २७ तारखेला, डोमेनच बंद केलं गेलं.

ओळ काढली, पान तपासलं, काहीही बिघडलं नाही. काम पाच मिनिटांचं. पण ती ओळ आमच्या सभासदांच्या फोनवर दुसऱ्याच्या मर्जीचा कोड चालवायला परवानगी देत होती आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुणाची तक्रार आलेली नाही, तरी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं ते नव्हतं.

सीडीएनवरून, म्हणजे फायली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून, फाइल घेताना तिचा ठसा लिहून ठेवता येतो. फाइल बदलली की ठसा जुळत नाही आणि ब्राउझर ती चालवत नाही. इथे ती सोयही नव्हती, कारण ही सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल द्यायची.

३० जून, रविवार

आज फक्त मोजदाद. बाहेरून घेतलेल्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या फायली निघाल्या चौदा. अशा तयार कोडला 'लायब्ररी' म्हणतात. कोड सगळ्या ब्राउझरांत सारखा चालवणारी जेक्वेरी १.१२.४, तिच्या जोडीची जेक्वेरी यूआय, फोटो सरकवणारा स्लिक, तारखा सांभाळणारी मोमेंट सगळ्या भाषांसकट, फोटो मोठा करणारं लाइटबॉक्स, बारकोड काढणारी जेएसबारकोड, वगैरे. त्यांतल्या तीन कुठेच वापरात नव्हत्या. जेक्वेरी यूआयची अडीचशे केबीची फाइल जन्मतारखेच्या एका रकान्यासाठी आणलेली. पान उघडताना एकूण ८९० केबी स्क्रिप्ट येत होती. गावात नेट कसं चालतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

यादी बाईंना दाखवली. जावास्क्रिप्टशी त्यांचा संबंध नाही, पण त्यांनी विचारलं, "यांची दाखल नोंद कुठंय?" वाचनालयात एकही पुस्तक दाखल क्रमांकाशिवाय कपाटात जात नाही. कुठून आलं, कधी आलं, किती किमतीला, देणगी की खरेदी, आणि काढून टाकलं तर निर्लेखन कधी झालं, हे सगळं नोंदवहीत असतं. आमच्या चौदा फायलींची अशी एकही ओळ नव्हती.

म्हणून शंभर पानी वही आणली, ४० रुपये. रकाने पाडले: फाइल, आवृत्ती, कुठून, कशासाठी, कुणी तपासली, शेरा. या कामातली हीच वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

६ जुलै, शनिवार

जेक्वेरी. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी ती आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझरचं वागणं वेगळं होतं आणि एकच कोड तीनदा लिहावा लागे. त्या काळी तिचा आधार घेणारे अगदी बरोबर होते. पण १.१२.४ ही आवृत्ती २०१६ ची. एप्रिल २०२० मध्ये ३.५.० आली, तिच्यात एचटीएमएलमधून परका कोड घुसण्याची भोकं बुजवली. आमच्या साइटवर सभासद अभिप्राय लिहू शकतात, म्हणजे ते भोक आमच्याकडे उघडंच होतं.

आधी सरळ ३.७.१ घालून पाहिली. पान अर्धं मेलं. तिसऱ्या आवृत्तीत काही जुन्या पद्धती काढून टाकल्यात आणि आमचा कोड त्याच वापरत होता. जेक्वेरी मायग्रेट ही जोड-फाइल लावली की कुठे काय जुनं आहे ते कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या सूचना-चुका दाखवणाऱ्या खिडकीत, दिसतं. असं काम करणाऱ्याने पहिल्यांदा तीच लावावी. मी ती दोन तास उशिरा लावली.

कन्सोलमध्ये चाळीसेक जागा दिसल्या. तेव्हा ठरवलं की एवढं हात लावायचंच आहे तर जेक्वेरी पूर्णच काढू. आज अर्ध्या जागा झाल्या. तारखांचं कामही मोमेंटवरून ब्राउझरच्या स्वतःच्या इंटलवर, म्हणजे त्या त्या भाषेत तारखा-आकडे दाखवणाऱ्या सोयीवर, आणलं. मोमेंटच्या लोकांनीच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलंय की नव्या कामासाठी ती घेऊ नका. इंटलला मराठी भारत एवढंच सांगितलं की महिन्यांची नावं मराठीत येतात आणि आकडेही आपोआप देवनागरी. हिंदीला तसं होत नाही, तिथे इंग्रजी आकडे येतात. पडद्यावर '२० जुलै, २०२४' पाहून फार बरं वाटलं. रात्री देवघेवीचं पान चालू केलं.

७ जुलै, रविवार

स्लिक गेला. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्यातल्या स्क्रोल-स्नॅपच्या बारा ओळींत फोटो सरकतात. लाइटबॉक्सच्या जागी ब्राउझरचा डायलॉग. दोन्ही मिळून दीड तास.

जन्मतारखेला ब्राउझरचा तारीख-रकाना लावला आणि तिथे चुकलो. संध्याकाळी एक आजोबा सभासदत्वाचा फॉर्म भरत होते. फोनवर आजच्या महिन्याचं कॅलेंडर उघडलं आणि ते एकेक महिना मागे जात राहिले. जन्म १९५१ चा. वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. शेवटी त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने केले. कोणत्याही लायब्ररीची गरज पडली नाही.

ते रकाने वाचताना आणखी एक अडचण आली. मराठी कीबोर्डवरून '१९५१' टाकलं तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. देवनागरी आकडे आधी इंग्रजी करून घ्यावे लागतात. छोटं फंक्शन आहे, पण ते नसलं तर फॉर्म मुकाट्याने नाकारला जातो. दाखल क्रमांक शोधतानाही हेच लागतं.

१३ आणि १४ जुलै

शोध. जुना शोध इतका कच्चा होता की लोक तो वापरतच नसत, थेट बाईंना विचारत. काउंटरवर नेट गेलं तरी शोध चालायला हवा, म्हणून पूर्ण यादी ब्राउझरमध्येच ठेवायची ठरवली. त्यासाठी लुनर ही तयार लायब्ररी घेतली. नाव मोठं आहे, मांडणी चांगली आहे.

अनुक्रमणिका तयार झाली, एकही चूक दाखवली नाही. 'अ‍ॅग्रिकल्चर' इंग्रजीत टाकून पाहिलं, चार पुस्तकं आली. चालतंय असं धरून पुढची दोन पानं बांधली. मग 'शेती' टाकलं. शून्य. 'इतिहास' टाकलं. शून्य. साडेअकरा हजार पुस्तकांच्या वाचनालयात इतिहासाचं एकही नाही!

सहा तास गेले. कारण सापडलं ते असं: लुनर प्रत्येक शब्दाच्या दोन्ही टोकांचे 'नको असलेले' चिन्ह छाटते. हवं असलेलं म्हणजे इंग्रजी अक्षर, आकडा किंवा अधोरेषा. देवनागरी शब्दातलं प्रत्येक अक्षर तिच्या दृष्टीने नको असलेलं, म्हणून अख्खा शब्दच छाटून रिकामा होतो. ती इंग्रजीसाठी बांधलेली आहे आणि तिथे ते बरोबर आहे. पण आपल्या भाषेत तयार वस्तू वापरणाऱ्याने पहिली चाचणी आपल्या भाषेतच घ्यावी. माझी पहिली चाचणी इंग्रजी शब्दाची होती, तिथेच फसलो.

छाटणी काढली, इंग्रजी प्रत्यय तोडणारा भाग काढला. शोध चालू झाला. मग बाईंनी 'दऱ्या' शोधलं. कपाटात तीन पुस्तकं असल्याचं त्यांना पाठ होतं, आलं एक.

आमची यादी तीन पिढ्यांनी टंकलेली आहे. जुन्या नोंदी डीटीपीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या. त्यांत ऱ्या हा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक मिळून बनलाय. आजच्या फोनवर तोच ऱ या वेगळ्या अक्षराने बनतो. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. असेच अदृश्य जोडक 'ईश्वर'सारख्या शब्दांतही मध्येच बसलेले. ॲ सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिलेला. जावास्क्रिप्टमधलं नॉर्मलाइज हे अक्षरं एकसारखी करणारं फंक्शन यातलं काही जुळवत नाही.

मी घाईने सगळे अदृश्य जोडक पुसून टाकले. ते चुकलं. जोडक पुसल्यावर जुनी 'दऱ्या' ही 'दर्या' झाली, आणि समुद्रावरची पुस्तकं शोधणाऱ्याला डोंगरदऱ्या मिळायला लागल्या. आचाऱ्यांचा स्वयंपाक आचार्यांच्या नावावर गेला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी र, हलन्त, जोडक या तिघांचं ऱ् करायचं, मग उरलेले जोडक पुसायचे, मग ॲ एकसारखा करायचा, शेवटी आकडे. यादीतला शब्द आणि लोकांनी टाकलेला शब्द, दोन्ही याच चाळणीतून काढायचे.

हे जमल्यावर लक्षात आलं की लुनरमधलं आता मी जवळपास काहीच वापरत नाहीये. साडेअकरा हजार नावांत साधं 'हा तुकडा त्यात आहे का' बघायला डोळ्याला जाणवेल इतकाही वेळ लागत नाही. लुनर काढली. माझ्या साठ ओळी राहिल्या.

वर्णक्रम मात्र ब्राउझरकडून घेतला. नुसतं क्रमाने लावा म्हटलं तर ळ हा लगेच ल च्या मागे येतो, कारण युनिकोडमध्ये तो तिथे बसलाय. म्हणजे 'काळ' हा 'कावळा'च्या आधी. मराठी क्रम सांगितला की ळ ह नंतर जातो आणि क्ष, ज्ञ शेवटी. बाईंच्या हस्तलिखित यादीत तोच क्रम आहे. त्यांनी दोन याद्या शेजारी ठेवून बोटाने ताडून पाहिल्या.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. वाचनालयाला सुट्टी, म्हणून काउंटरचा संगणक निवांत मिळाला. तिथे नवं शोधपान उघडलं तर कोरं.

तो संगणक विंडोज ७ चा आहे आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. यादीची क्रम लावलेली प्रत देणारी टूसॉर्टेड ही सोय मी वापरली होती, ती क्रोममध्ये ११० पासून आहे. एका आवृत्तीने हुकलं. यादीची प्रत आधी करून जुन्या पद्धतीने क्रम लावला, दहा मिनिटांत झालं.

पॉलिफिलसारख्या गोष्टी लोक का वापरत होते, हे आज त्या कोऱ्या पानासमोर बसून नीट कळलं. ती गरज खरी होती. वहीच्या शेरा रकान्यात लिहिलं: काउंटर क्रोम १०९, प्रत्येक बदल इथे तपासणे.

२१ जुलै, रविवार

सकाळी सव्वानऊला बाईंचा फोन. "अरे, संगणक दंड मागतोय, पण चिठ्ठीवर तारीख आजचीच आहे. बघतोस का जरा?"

निवृत्त गुरुजी ७ तारखेला नेलेलं पुस्तक परत द्यायला आले होते. मुदत चौदा दिवस. पुस्तकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्का २१ जुलैचा, संगणकात २०. दंड एक रुपया. गुरुजी रुपया द्यायला तयार होते, पण म्हणाले, "बाई, मी आयुष्यात कधी पुस्तक उशिरा दिलेलं नाही." रुपयापेक्षा ते मला जास्त लागलं.

चूक पूर्ण माझी. मोमेंट काढताना मी परतीची तारीख ठरवून घड्याळ मध्यरात्रीवर आणलं आणि टूआयएसओस्ट्रिंगने ती साठवली. ते फंक्शन जागतिक वेळेत लिहितं. आपली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. म्हणून साठवताना प्रत्येक तारीख एक दिवस मागे गेली. मी तपासलं होतं, पण पडद्यावर. पडद्यावर इंटल स्थानिक वेळेत बरोबर तारीख दाखवत होतं. साठवलेली तारीख उघडून बघितलीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी जे पाहून बरं वाटलं होतं, तेच मला फसवत होतं.

सकाळपासून चार जणांकडून दंड घेतला गेला होता, चारही रुपये परत केले. २१२ नोंदींच्या तारखा एक दिवस पुढे नेल्या, त्याआधी पूर्ण डेटाची प्रत काढून ठेवली. बाईंनी आणि मी प्रत्येक नोंद कागदी देवघेव वहीशी ताडली. पाच तास. कागदी वही त्यांनी बंद केली नव्हती म्हणून हे शक्य झालं.

दुरुस्ती दोन ओळींत झाली असती. तरी मी डेजेएस घेतली, सात केबीच्या आसपासची तयार लायब्ररी. तारखेचं गणित जगभरच्या लोकांनी चुका करून, तक्रारी करून घासून घेतलंय. माझं गणित फक्त गुरुजींनी तपासलं होतं. शोधाच्या बाबतीत उलट होतं: ऱ्या ची अडचण लुनरच्या लोकांना कधी आलीच नसणार, ती आमच्या कपाटातली होती. वहीत डेजेएसची ओळ लिहिली, फाइल आमच्याच सर्व्हरवर ठेवली, आवृत्ती पक्की केली.

२७ आणि २८ जुलै

थकीत पुस्तकांची स्मरणपत्रं पीडीएफमध्ये हवी होती. जेएसपीडीएफ घेतली, देवनागरी फॉन्ट आत घातला. छापलं तर 'विलंब'चा 'वलिंब' झालेला. पहिली वेलांटी साठवताना अक्षराच्या नंतर असते आणि दाखवताना आधी आणावी लागते, तेच होत नाही. जोडाक्षरंही फुटून पायमोडकी येतात. दुसरा फॉन्ट, तिसरा फॉन्ट, फॉन्ट वेगळ्या तऱ्हेने बांधून पाहणं, यात नऊ तास गेले. दोष फॉन्टचा नव्हताच. अक्षरं जुळवण्याचं काम तिथे होत नाही, तर कितीही फॉन्ट बदला.

ब्राउझरला मराठी उत्तम दाखवता येतं. म्हणून साधं पान बनवलं, छपाईसाठी वेगळी सीएसएस लिहिली आणि ब्राउझरचंच छापा बटण वापरलं. पीडीएफही तिथूनच साठवता येते. दीड तासात काम संपलं. मराठी पीडीएफच्या मागे लागलेल्यांनी पहिली चाचणी 'विलंब' आणि 'ग्रंथालय' या दोन शब्दांची घ्यावी, दहा मिनिटांत निकाल लागतो.

बारकोडला हात लावला नाही. जेएसबारकोड चोख चालते, पुस्तकांवरची लेबलं स्कॅनरला वाचता येतात. बारकोडचे नियम बसून स्वतः लिहिण्यात काहीच हशील नव्हतं.

४ ऑगस्ट, रविवार

हिशेब. एकूण ५८ तास. त्यांतले सोळा जेक्वेरी काढण्यात, नऊ पीडीएफच्या आडवाटेवर, सहा लुनरच्या कोड्यात, पाच चुकलेल्या तारखा सुधारण्यात. पैशांत वहीचे ४० रुपये आणि लेबलांच्या चाचणीचे कागद. चौदा फायलींच्या जागी दोन उरल्या, डेजेएस आणि जेएसबारकोड. पान उघडताना येणारी स्क्रिप्ट ७० केबीच्या आत.

जेक्वेरीचे सोळा तास गरजेचे होते का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. खरं सांगायचं तर नव्हते. मायग्रेट लावून ३.७.१ वर थांबलो असतो तरी सुरक्षेचं भोक बुजलं असतं आणि सहा-सात तासांत भागलं असतं. पुन्हा असं काम आलं तर तेवढंच करेन आणि वाचलेला वेळ शोधाला देईन. लोक आता शोध वापरतात. काउंटरवर बाईंना 'हे पुस्तक आहे का' विचारणारे कमी झाले, तर 'ते कुठल्या कपाटात' विचारणारे वाढले.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

वर्षभराने ही नोंद. काल एनपीएमवरच्या, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं जिथून मिळतात तिथल्या, एका देखभाल करणाऱ्याला खोट्या ईमेलने फसवून त्याच्या नावाने चॉक, डीबग अशा १८ पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या चढवल्या गेल्या. सगळ्यांची मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त डाउनलोड आहेत. क्रिप्टो व्यवहारातला पत्ता गुपचूप बदलणारा कोड त्यात होता. काही तासांत त्या काढल्या गेल्या.

संध्याकाळी वही उघडली. साइटवरच्या दोन्ही फायली आमच्या सर्व्हरवर, आवृत्ती आणि तारीख लिहिलेली, बदललेलं काही नाही. माझ्या लॅपटॉपवर यादीची फाइल बनवणारं एक साधन एनपीएमवर चालतं आणि त्यात खोलवर डीबग आहेच. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती घ्यायची ते पक्कं लिहिलेल्या लॉक फाइलमध्ये तिची जुनी आवृत्ती बांधलेली होती आणि मी एनपीएम सीआयनेच बसवतो, जे लॉक फाइलच्या बाहेर जात नाही. वीस मिनिटांत खात्री झाली. वही नसती तर फायली शोधण्यातच रात्र गेली असती.

बाईंना कळवलं. त्यांनी दुसरी बातमी दिली, काउंटरला नवा संगणक आलाय. शेऱ्यातलं 'क्रोम १०९' खोडलं आणि तारीख घातली. जेएसबारकोडची नवी आवृत्ती आली आहे का, ते येत्या शनिवारी बघायचंय.